आठव्या मिनिटाला

जेवण झालं की खुर्चीत नुसतं टेकायचं, झोपायचं नाही, असं नीळकंठ धारप रोज ठरवतो आणि रोज घोरतो. आज मात्र झोपून चालणार नाही. चार वाजता संग्रहालयातली बाई येणार आहे, त्याचं बोलणं ध्वनिमुद्रित करून घ्यायला. म्हणून तो डोळे ताणून बसलाय, पायांवर हीटरची ऊब आणि मांडीवर चार टाइप केलेले कागद. बाहेर जर्मनीतला नोव्हेंबर आहे, म्हणजे तीन वाजताच दिवे लावावेत असा उजेड.

कागदांवर इतिहास आहे. 'बाकश्टुबे सॉफ्ट' ही घरगुती संगणकांसाठी खेळ काढणारी कंपनी, त्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या कंपन्यांपैकी, त्र्याऐंशी साली ओबरवेल्डे नावाच्या गावात एका बंद पडलेल्या बेकरीत सुरू झाली. बाकश्टुबे म्हणजे भट्टीची खोली. बेकरी हार्टमुटच्या वडिलांची, कल्पना हार्टमुटची आणि डोकेफोड नीळकंठची. पहिला खेळ पाव करपायच्या आत भट्टीतून काढायचा. खेळ कॅसेटवर मिळायचा. टेपरेकॉर्डर संगणकाला जोडायचा, नऊ मिनिटं टेपमधलं ते कर्कश किंचाळणं सोसायचं, मग कुठे पडद्यावर चार चौकोनी पाव दिसायचे. लोक टपालाने मागवायचे. पाच वर्षं बरी गेली. मग शाळाशाळांतून एकमेकांच्या कॅसेटी उतरवून घेणं सुरू झालं, मग डिस्कवाले नवे संगणक आले, आणि एकोणनव्वदला बेकरीला दुसऱ्यांदा कुलूप लागलं. हार्टमुट हल्ली मुलीकडे असतो आणि त्याला स्वतःचं नावही रोज आठवत नाही. तेव्हा सांगणारा एकटा नीळकंठच.

कोणता खेळ कधी आला, कोणत्या मासिकाने काय लिहिलं, सगळं त्या चार पानांत आहे. तिसऱ्या पानावर एक ओळ आहे: 'प्रती काढणे, तपासणे, पाठवणे: घरच्यांची मदत.' घरच्यांची मदत म्हणजे सुमित्रा, त्याची बायको. तिला जाऊन आठ वर्षं झाली. ती ओळ सकाळपासून तीनदा वाचून तो पुढे गेलाय.

चौथ्यांदा वाचताना अक्षरं जरा जवळजवळ सरकतात. खालून ताज्या पावाचा वास येतो. खाली तीच जुनी बेकरी आहे आणि तिथे चाळीस वर्षांत पाव भाजलेला नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे, तरी तो उठतो आणि जिना उतरायला लागतो, कारण वास आला की खाली जायचं असतं.

खाली दिवे लागलेत. जिथे पावाचे ट्रे सरकवायचे त्या लोखंडी मांडणीवर चोवीस टेपरेकॉर्डर ओळीने बसलेत. सगळ्यांची चाकं फिरतायत आणि आवाज एकाचाही नाही. टेबलापाशी सुमित्रा आहे. साडीवर निळा स्वेटर, पायांत त्याचे लोकरी मोजे, केसांतला आकडा काढून हातात घेतलेला. कॅसेट उचलायची, तिच्या मागच्या कडेची इवलीशी खिट्टी आकड्याने मोडायची, कॅसेट डावीकडे ठेवायची. खिट्टी मोडली की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. हे तिचं काम, दिवसाला तीनशे. त्या काळ्या खिट्ट्या घरभर सापडायच्या. गादीत, तिच्या अंबाड्यात, आणि एकदा आमटीत. ती नीळकंठने लवंग समजून चावली होती आणि दोघं पोट धरधरून हसले होते.

ती समोर दिसते याचं त्याला नवल वाटत नाही. इथे थंडीत कशाला बसलीस, असं तो विचारतो. ती वर न बघता काही म्हणते. काय म्हणाली ते त्याला कळतं: भट्टीशेजारी कसली आलीय थंडी. शब्द कळतात, पण आवाज येत नाही. कागदावर वाचल्यासारखं.

हेच तर त्याचं दुखणं आहे. सुमित्राचा चेहरा कुठे गेलेला नाही, फोटो ढिगाने आहेत. आवाज गेला. पुतण्याच्या लग्नाच्या व्हिडिओत तिचे ओठ हलतात, पण नेमका तेव्हाच बँड वाजतोय. कितीदा तरी नीळकंठने तो फोन कानाला दाबून धरलाय आणि प्रत्येक वेळी बँडच ऐकलाय. दुसरं काहीच नाही. कुणी फोन समोर धरला की ती तोंड मिटून घ्यायची. नातेवाइकांना वाटायचं, लाजते. खरं कारण नवराबायकोलाच ठाऊक होतं.

"मोठ्याने बोल ना," तो म्हणतो.

ती आकड्यानेच भट्टीच्या दाराकडे खूण करते. तो दार उघडतो. आत विस्तव नाही, प्रदर्शनाचा भलामोठा हॉल आहे, छतापर्यंत दिवे, आणि जमिनीवर मात्र मिरज स्टेशनच्या फलाटाच्या फरश्या. लांबच लांब रांग लागलीय. रेनकोट घातलेले पुरुष, पर्स सावरणाऱ्या बायका, सगळ्यांच्या हातात एकेक कॅसेट. नीळकंठच्या हातात चिकटपट्टीची गुंडाळी आहे. तो बघतो आणि त्याच्या लक्षात येतं की हे कोणतं वर्ष आहे.

हे पंच्याऐंशी आहे. खेळाची मूळ टेप भरण्याआधी आवाजाची पातळी बघावी लागे. कमी भरली तर संगणकाला ऐकू येत नाही, जास्त भरली तर उमगत नाही. सुमित्रा मिरजेत चार वर्षं गाणं शिकलेली, कान तिचा. सुरुवातीला टेप ओढ खाते असं तिचं म्हणणं, म्हणून ती टेप आठव्या मिनिटापर्यंत पुढे न्यायची, माइकवर 'एक, दोन, तीन' म्हणायची आणि काट्याकडे बघत बटण फिरवायची. मग टेप मागे आणून नीळकंठ त्यावरच खेळ भरायचा. खेळ टेपवर नऊ मिनिटांचे असत, तेव्हा तिचे एक-दोन-तीन पुसले जात. हार्टमुटला ही पद्धत गावठी वाटे. पण परत येणाऱ्या खराब कॅसेटी निम्म्यावर आल्या आणि तो गप्प बसला.

त्या नाताळचा खेळ दीपगृहाचा होता. तो संगणकात मावेना म्हणून नीळकंठने ऐनवेळी शेवटचे दोन टप्पे कापून टाकले. खेळ सहा मिनिटांवर आला. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, सांगायचं सुचलंही नाही, तीन दिवस तो खुर्चीतून धड उठलाच नव्हता. आठव्या मिनिटावरचं तिचं बोलणं तसंच उघडं राहिलं. आणि नेमकं त्या दिवशी, माइक बंद झाला असं समजून, एक-दोन-तीनच्या पुढे ती नवऱ्याशी बोलली होती. बाराशे कॅसेटी गावोगाव गेल्या. जिथे टेप बंद करायची राहिली तिथे आठव्या मिनिटाला एक अनोळखी बाई अनोळखी भाषेत बोलू लागली.

पहिलं पत्र आलं तेव्हा नीळकंठने कॅसेट लावली. 'एक, दोन, तीन. अहो, भात झालाय,' एवढं त्याने ऐकलं आणि खाडकन बटण दाबलं. मग हार्टमुटसमोर, हार्टमुटच्या बायकोसमोर, पॅकिंगला येणाऱ्या दोन शेजारणींसमोर तो सुमित्राला वाटेल तसं बोलला. तेही जर्मनमध्ये. मराठीत बोलला असता तर निदान घरातलं घरात राहिलं असतं. हे तुझं स्वयंपाकघर नाही, असं म्हणाला. हातातला आकडा केसांत खोवून ती वर निघून गेली होती.

हॉलमधली रांग पुढे सरकते. पहिला माणूस कॅसेट पुढे करतो. नीळकंठ खिट्टीच्या भोकावर चिकटपट्टी लावतो, कारण भोक बुजवलं की कॅसेट पुन्हा भरता येते. बोटाने घासतो, बाजूला ठेवतो. दुसरी. तिसरी.

"ती बाई काय म्हणते?" रेनकोटवाला अदबीने विचारतो.

नीळकंठ मान खाली घालून पट्टी फाडतो. रेनकोटवाल्यामागची बाईही तेच विचारते, तिच्यामागचाही. राग कुणालाच नाही. आवाज छान आहे म्हणून विचारलं, असं एकजण म्हणतो. अशी पत्रं खरोखरच आली होती, ब्रेमेनहून, कासेलहून, कुठल्या कुठल्या खेड्यांतून, आणि नीळकंठने एकाही पत्राला उत्तर न देता ती खणात कोंबली होती. आता पट्टी त्याच्या बोटांना चिकटलीय. डाव्या हाताने काढावी तर ती डाव्या हाताला चिकटते.

रांगेच्या शेवटी सुमित्रा उभी आहे. तिच्या हातात कॅसेट नाही, पाकिटांचा गठ्ठा आहे. तो तिच्यापाशी पोचतो तोवर हॉल राहिलेला नाही. टपाल कचेरीची काच मध्ये आहे आणि काचेपलीकडे बसून ती पत्ते लिहितेय, ठसठशीत, एकही खाडाखोड नसलेले. कॅसेट कृपया परत पाठवावी, नवी पाठवत आहोत. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पत्र. ती सगळी पत्रं तिनेच लिहिली होती, कारण कंपनीत तिच्याइतकं चांगलं अक्षर कुणाचं नव्हतं.

"माझाच आवाज माझ्याच हाताने परत मागवलात," ती म्हणते. अजूनही आवाज नाही. रुसवाही नाही. बाहेर गार वारा सुटलाय, असं सांगावं तसं सांगते.

आलेल्या कॅसेटी नीळकंठने एकेक करून बसून पुन्हा भरल्या होत्या, शेवटपर्यंत, जिथे खेळ संपतो तिथून पुढे नुसती शांतता. ते करत असतानाच चौथ्या दिवशी त्याला उमगलं की खेळ तर आपणच कापला. चूक तिची नव्हतीच. वेळ बघून सांगू, असं त्याने ठरवलं. ती वेळ एकतीस वर्षं आली नाही. सुमित्रा मात्र त्यानंतर माइकवर कधी बोलली नाही. पातळी बघायची झाली की पेन्सिलीने माइकवर टकटक करायची. एक-दोन-तीनसुद्धा म्हणायची नाही.

तो काचेवर हात ठेवतो. काच गार आहे आणि आता ती इस्पितळातल्या खिडकीची आहे. सुमित्रा पलंगावर पडलीय, डोळे उघडे. शेवटचे अठरा दिवस ती अशीच होती, पक्षाघाताचा झटका आला आणि सगळ्यांत आधी वाचा गेली. उशाशी डॉक्टरांचं यंत्र असायला हवं, तिथे बेकरीतला आवाजाची पातळी मोजायचा तो जुना डबा आहे, काट्याचा. काटा डाव्या टोकाला निपचित. खालच्या मजल्यावरून, इस्पितळाच्या खालून, पावाचा वास येतोच आहे.

आता नाही बोललो तर कधीच नाही, हे नीळकंठला झोपेतही कळतं. त्या अठरा दिवसांतही कळत होतं. तेव्हा त्याने रोज तिचे पाय चेपले, केस विंचरले, हवापाण्याचं सांगितलं, आणि हे तेवढं सांगितलं नाही.

"सुमी," तो म्हणतो, "चूक माझी होती. दोन टप्पे मी कापले होते. तुला सांगितलंच नव्हतं."

काटा किंचित हलतो.

"माहीत होतं मला."

हा आवाज आहे. तिचा आवाज. थोडा बसका, शेवटच्या अक्षरावर हलकेच टेकणारा. नीळकंठ पलंगाची कड धरतो. आठ वर्षं ज्यासाठी तो बँड ऐकत होता ते हे आहे, आणि हे तो विसरलाच होता, पार विसरला होता.

"कसं माहीत?"

"सहा मिनिटांत किंचाळायचं थांबला की तो खेळ. मला काय ऐकू येत नव्हतं?"

"मग तेव्हाच बोलली का नाहीस? सगळ्यांसमोर मी तुला…"

"तुम्ही सांगाल, म्हटलं," ती म्हणते. "थांबले."

एकतीस वर्षं ती थांबली. भाजी निवडताना, विमानतळावर, मूल न झाल्याचं दोघांनी मुकाट्याने सोसलं तेव्हा, दर नाताळला. आणि तो समोर बसून वर्तमानपत्र वाचत होता. नीळकंठ रडतो. जागेपणी त्याला असं रडता आलेलं नाही. सुमित्रा त्याच्या बोटांना चिकटलेली पट्टी हळूहळू सोडवते, चुरगाळून बाजूला टाकते.

मग तो ते विचारतो. गेली आठ वर्षं दुसरं काही नको, एवढंच विचारायचं होतं.

"भात झालाय, त्याच्यापुढे काय म्हणाली होतीस? मी बटण दाबलं होतं गं."

"एवढ्या लोकांनी ऐकलं," ती म्हणते, "तुम्हीच नाही ऐकलंत?"

तो नेहमी धरून चालला होता की पुढे बोलणीच असणार. कितीदा हाक मारायची, तीन दिवस झाले, असं काहीतरी. बोलणी खायला तो आनंदाने तयार आहे. काय वाटेल ते म्हणालेली असू दे.

सुमित्रा उठून बसते. पलंग टेबल झालेला आहे, भट्टीची खोली परत आलीय, चोवीस चाकं फिरतायत. ती माइक जवळ ओढते, काट्याकडे बघते आणि म्हणते, "एक, दोन, तीन. अहो, भात झालाय. गरम आहे तोवर या." मग वाट बघते. तेव्हाही बघितली असणार, त्याच्या पाठीमागे उभी राहून. "बरं, राहू दे. तुमचं होऊ दे आधी. मी थांबते."

काटा वर जातो आणि सावकाश खाली येतो.

सुमित्रा स्वेटरच्या खिशातून एक कॅसेट काढते. ही एक मी परत येऊ दिली नाही, असं सांगते, आणि केसांतल्या आकड्याने तिची खिट्टी मोडते. कट्. चोवीस यंत्रांच्या खोलीत तेवढाच आवाज. मोडलेला तुकडा ती त्याच्या तळहातावर ठेवते आणि त्याची बोटं एकेक करून मिटवते. तिचा हात गरम आहे.

"आणि कॅसेट? ती कुठे ठेवलीस?"

ती सांगू लागते. ओठ हलतात. पण काटा डावीकडे घसरत चाललाय, आणि कुठूनसा बँड सुरू होतो, आणि तो तिच्या अगदी जवळ कान नेतो, इतक्या जवळ की तिचा श्वास लागतो, आणि घंटा वाजते.

घंटा दारावरची आहे.

खुर्ची. हीटर. कागद जमिनीवर पडलेत. चार वाजलेत. नीळकंठ उठायला बघतो, तर उजवी मूठ घट्ट वळलेली आहे, बोटं दुखतायत. तो ती उघडतो. तळहातावर एक काळा तुकडा आहे. उडदाएवढा, चौकोनी, एका कडेला ताजा पांढरट तुटका.

घरात खिट्टी असायचं कारण नाही. शेवटची सापडली होती सात वर्षांपूर्वी, कपाट सरकवताना. ती त्याने सवयीने कचऱ्यात टाकली, आणि मग वेड्यासारखा तासभर कचरा उपसत बसला, ती काही मिळाली नाही. नीळकंठ मूठ मिटतो, पुन्हा उघडतो. तुकडा आहे. कॅसेट नाही. ती कुठेतरी आहे, कुणाच्या तरी माळ्यावर, कुणाला पुसता न येईल अशी, आणि त्याला मिळणार नाही. हुंदका इतका जोरात येतो की दाराबाहेर ऐकू जावा.

घंटा पुन्हा वाजते. तो तोंडावर पाणी मारून दार उघडतो.

संग्रहालयातली बाई तरुण आहे, भिजून आलीय, उशीर झाला नाही ना, असं विचारते. त्याचे डोळे बघून, नंतर येऊ का, असंही विचारते. तो नको म्हणून मान हलवतो. ती टेबलावर छोटं यंत्र ठेवते, माइक त्याच्याकडे वळवते. नीळकंठ जमिनीवरचे कागद उचलून समोर लावतो, तिसरं पान वर, आणि त्या ओळीवर काळा तुकडा ठेवतो.

"सुरू करण्याआधी काहीतरी बोला," ती जर्मनमध्ये म्हणते. "काहीही चालेल. आवाजाची पातळी बघून घेते."

नीळकंठ माइककडे बघतो. मग मराठीत म्हणतो, "एक, दोन, तीन. अहो, भात झालाय. गरम आहे तोवर या. बरं, राहू दे. तुमचं होऊ दे आधी. मी थांबते."

यंत्राच्या पडद्यावरच्या रेषा वर जातात, खाली येतात. छान येतोय आवाज, असं बाई म्हणते. मग ती हसून विचारते, "काय म्हणालात तुम्ही?"

नीळकंठ या वेळी मान खाली घालत नाही.

"हे मी नाही म्हणालो. माझी बायको म्हणाली. तिचं नाव सुमित्रा," तो म्हणतो. "भात झाला होता, आणि मी गेलो नाही."